अंटार्क्टिकाच्या बर्फाचा समस्थानिक नकाशा, मराठीतून: कामाच्या नोंदी

८ जून २०२५

काम असं आहे. अंटार्क्टिकाच्या पृष्ठभागावरच्या बर्फात ऑक्सिजन-१८ चं (ऑक्सिजनचंच जरा जड रूप, म्हणजे समस्थानिक) प्रमाण जागोजागी कसं बदलतं, याचा चार फूट बाय चार फूट नकाशा करायचा. सगळा मराठीत. ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तो लागणार आहे. माझी नोकरी महापेला, नकाशांचीच. गॅसच्या लाइनी, केबल, मलनिस्सारण हे रोजचं काम, त्यामुळे क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर हाताखालचं आहे. ध्रुवीय डेटा मात्र पहिल्यांदाच हाताळतेय. असाच नकाशा करायचा ज्यांच्या मनात असेल त्यांना या नोंदी उपयोगी पडाव्यात.

विज्ञान लागेल तेवढंच सांगते. पाण्याच्या दर हजार रेणूंत साधारण दोन रेणू ऑक्सिजन-१८ वाले, म्हणजे जड असतात. समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत बर्फात हे प्रमाण हजारामागे किती कमी, तो आकडा म्हणजे डेल्टा-१८. उणे ५० म्हणजे समुद्रापेक्षा पाच टक्के कमी. ढग थंड होत खंडाच्या आत जातो तसतसे जड रेणू आधी गळतात. म्हणून किनाऱ्याजवळ उणे १५-२० दिसतं, दक्षिण ध्रुवावर उणे ५० च्या आसपास आणि व्होस्टॉकला, म्हणजे आतल्या पठारावरच्या रशियन स्थानकाला, उणे ५७ च्या आसपास.

मूळ साठा म्हणून व्हॅलेरी मासाँ-देलमॉत आणि सहकाऱ्यांचं २००८ सालचं संकलन घेतलं. हजाराहून जास्त ठिकाणं, सोबत प्रत्येक आकड्याच्या दर्जाची नोंद. त्यानंतर छापून आलेल्या सफरींचे तक्ते पॅन्जिया या वैज्ञानिक डेटाच्या संकेतस्थळावरून उतरवले. खर्च शून्य. पार्श्वभूमीचे थर नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेच्या क्वांटार्क्टिका संचातून. संच बराच मोठा आहे, घरच्या नेटवर रात्रभर लावून ठेवा.

१५ जून

तक्ते एकत्र करण्यातच शनिवार-रविवार गेला. पीडीएफमधून उचललेल्या तक्त्यांत उणेचं चिन्ह कीबोर्डवरचं नसतं, छपाईचं लांब उणे असतं. पायथन (तक्ते हाताळायला वापरते ती प्रोग्रामिंगची भाषा) त्याला आकडा मानत नाही, आख्खा स्तंभ मजकूर म्हणून वाचतो. आकड्यात बदलायला सांगितलं की त्या ओळी गुपचूप रिकाम्या होतात. ओळी गळाल्यात हे कळलं ते एकूण संख्या मोजली म्हणून. फाइल उघडली की पहिलं काम हेच करा: लांब उणे शोधून साधं उणे घाला, आणि आधीची व नंतरची संख्या ताडून बघा.

दुसरा त्रास उणे ९९९ चा. काही तक्त्यांत "माहिती नाही" असं लिहायची ती पद्धत आहे. ते गाळलं नाही तर नकाशात तिथे काळं भोक पडतं. निदान ते दिसतं तरी. चार जवळच्या नमुन्यांची सरासरी काढताना एक उणे ९९९ मिसळला तर ती सरासरीही भलतीच खाली जाते.

२२ जून

या आठवड्याची नोंद मुद्दाम लांब लिहितेय, कारण ही गोष्ट कुठे लिहिलेली सापडली नाही.

एका जुन्या सफरीच्या रेषेतले किनाऱ्याजवळचे बिंदू समुद्रात पडत होते. आधी वाटलं प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत, चुकलं. ते बरोबर होतं. मग किनाऱ्याच्या थरावर संशय घेतला, तोही बरोबर निघाला. शेवटी अक्षांशाचा स्तंभ नुसता वरून खाली वाचत गेले: ६८.०५, ६८.३१, ६८.५८, ६९.१२, ६९.४७. दशांश चिन्हापुढे ५९ च्या वर एकही आकडा नाही. म्हणजे हे दशांश अंश नाहीतच, अंश आणि मिनिटं मध्ये टिंब देऊन लिहिलेली आहेत.

भारताच्या भारती स्थानकाचं उदाहरण घ्या. ते ६९ अंश २४ मिनिटं दक्षिण अक्षांशावर आहे, दशांशात ६९.४०. कुणी ६९.२४ लिहिलं आणि आपण ते तसंच वाचलं तर स्थानक अठराएक किलोमीटर उत्तरेला सरकतं, थेट प्रिड्झ उपसागरात. ही चूक नेहमी उत्तरेकडेच ढकलते, कारण मिनिटं साठाने भागायच्या ऐवजी शंभराने भागली जातात आणि आकडा लहान होतो. म्हणून किनाऱ्यावर ती उघडी पडते.

आतल्या पठारावर ती पडत नाही. व्होस्टॉक ७८ अंश २८ मिनिटांवर आहे. तिथे हीच गफलत झाली तर बिंदू वीसएक किलोमीटर हलतो, पण जमीन सपाट आणि चहूकडे बर्फच, त्यामुळे नकाशा बघून काहीच कळत नाही. आता प्रत्येक तक्त्याला दोन चाचण्या लावतेय. दशांशाचा भाग कधी ५९ च्या वर जातो का? आणि तक्त्यात दिलेली उंची उपग्रहांवरून केलेल्या उंचीच्या नकाशाशी जुळते का? किनारी उतारावर वीस किलोमीटरांत शेकडो मीटरचा फरक पडतो, त्यामुळे दुसरी चाचणी तिथे लगेच बोलते.

यात सापडलेल्या ओळी दुरुस्त केल्या. ज्यांचं नक्की ठरवता आलं नाही त्या काढल्या. वाईट वाटलं. उणे ३०-४० अंशांत कुणीतरी खड्डा खणून, बाटलीत बर्फ भरून तो हजारो किलोमीटर नेऊन मोजला आहे, आणि मी एका टिंबापायी तो वगळतेय. पण चुकीच्या जागी ठेवण्यापेक्षा वगळलेला बरा.

२८ जून

अक्षांश-रेखांशांवरच आंतरगणन (मोजलेल्या बिंदूंमधल्या जागांचे आकडे अंदाजाने भरणं) करून बघितलं आणि ते वाया गेलं. ८० अंशांवर रेखांशाचा एक अंश जेमतेम १९ किलोमीटरचा, अक्षांशाचा एक अंश १११ चा. संगणकाला दोन्ही सारखेच. त्यामुळे प्रत्येक बिंदूचा रंग आडवा-उभा भलत्याच प्रमाणात ताणला जातो. शिवाय १८० रेखांशावर, रॉस हिमपट्ट्याच्या (समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या विशाल थराच्या) मधोमध, सरळ शिवण दिसते, कारण उणे १७९ आणि अधिक १७९ हे संगणकाला जगाच्या दोन टोकांना वाटतात. सगळे बिंदू आधी ईपीएसजी ३०३१ या दक्षिण ध्रुवाभोवतीच्या प्रक्षेपणात नेले, मीटरमध्ये. शिवण गेली. हे आधी करा, बाकी सगळं नंतर.

५ जुलै

घोडबंदर रोडला पाणी साचलेलं, घरीच होते. दिवसभर एकच प्रश्न: "पृष्ठभागावरचा बर्फ" म्हणजे नेमका किती खोलीचा?

संकलनात सगळंच आहे. कुठे वरचे दोन-तीन सेंटिमीटर, कुठे मीटरभर खड्डा, कुठे ड्रिलने काढलेला दहा मीटरचा बर्फाचा गाभा. वरचा पापुद्रा म्हणजे एखाद्या वादळाचा बर्फ असू शकतो, आणि उन्हाळ्याचा व हिवाळ्याचा बर्फ खूप वेगळा असतो. त्यात वारा बर्फ उचलून दुसरीकडे टाकतो. बरं, एक मीटरचा खड्डासुद्धा सगळीकडे सारखा नाही. व्होस्टॉकला वर्षाला पाण्याच्या हिशेबात दोनएक सेंटिमीटरच साठतं, म्हणून तिथल्या एका मीटरमध्ये पंधराएक वर्षं मावतात. जिथे वर्षाला पन्नास सेंटिमीटर पाण्याइतका बर्फ पडतो अशा किनारी ठिकाणी त्याच एका मीटरमध्ये एक वर्षही पुरं होत नाही.

म्हणून तक्त्यात एक नवा स्तंभ घातला: हा नमुना अंदाजे किती वर्षांचा. खोली, घनता आणि वार्षिक साठा यांच्यावरून तो काढता येतो. एका वर्षापेक्षा कमी असलेल्यांना वजन कमी दिलं. पापुद्र्याचे नमुने, शेजारी खड्ड्याचा नमुना असेल तिथे, गणितातून काढले. याने नकाशातले बरेचसे डाग गेले. आधी त्या डागांना मी डोंगर-दऱ्यांचा परिणाम समजत होते.

दुसरी भानगड ड्युटेरियमची, म्हणजे जड हायड्रोजनची. काही जुन्या सफरींत, विशेषतः फ्रेंच गटाच्या ड्युमाँ द'उर्व्हिल (किनाऱ्यावरचं स्थानक) ते डोम सी (पठारावरचा घुमटासारखा उंचवटा) या वाटेवर, मुख्यतः हायड्रोजनचं समस्थानिक मोजलेलं आहे. १९६१ च्या क्रेगच्या सूत्राने, म्हणजे डेल्टा-डी (ड्युटेरियमचा तसाच आकडा) बरोबर आठ गुणिले डेल्टा-१८ अधिक १० असं धरून, ऑक्सिजनचा आकडा काढता येतो. किनाऱ्यावर ठीक चालतं. व्होस्टॉकजवळ डेल्टा-डी उणे ४४० च्या आसपास आहे. सूत्र देतं उणे ५६.२५, मोजलेला आकडा उणे ५७ कडे. कारण आत जावं तसा तो "१०" वाढत जातो, पठारावर पंधराच्या पुढे जातो. ज्या ओळींत दोन्ही मोजमापं आहेत त्यांच्यावरून हा फरक उंचीनुसार बसवून घेतला आणि मगच बाकीच्यांचं रूपांतर केलं.

१२ जुलै

आता प्रत्यक्ष नकाशा. नुसतं अंतराच्या उलट वजनाने आंतरगणन केलं तर प्रत्येक बिंदूभोवती गोल चकत्या उमटतात. ते टाकलं. आधी उंची, किनाऱ्यापासूनचं अंतर आणि अक्षांश यांवरून आकडा साधारण कसा बदलतो तो कल काढायचा, मग उरलेल्या फरकांवर क्रिगिंग (बिंदूंचा आपसातला संबंध अंतरानुसार कसा कमी होतो ते बघून मधले आकडे काढायची पद्धत) करायचं, हे ठरवलं.

उंची सगळ्या बिंदूंना रेमाच्या (उपग्रहांवरून केलेला अंटार्क्टिकाचा उंचीचा नकाशा) एक किलोमीटर जाळीवरूनच घेतली, सफरीच्या तक्त्यातली नाही. जुन्या उंच्या वायुदाबमापकाच्या आहेत. फक्त लक्षात ठेवा, रेमाची उंची समुद्रसपाटीपासून नसून लंबवर्तुळाभापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, आहे. काही दहा मीटरचा फरक येतो. सगळीकडे एकच माप वापरलं तर चालतं, मिसळ केली तर नाही.

किनारा कुठला धरायचा यात एक संध्याकाळ गेली. बर्फ जिथे जमिनीवरून उचलला जाऊन तरंगू लागतो ती रेषा, की हिमपट्ट्याची समुद्राकडची कड? रॉस हिमपट्ट्याने निकाल दिला. तो समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही वर नाही, म्हणून उंचीवरून बघितलं तर तिथे किनाऱ्यासारखे आकडे हवेत. मोजलेले त्याहून बरेच खाली आहेत, कारण पाण्याची वाफ येते ती उघड्या समुद्रावरून आणि तो शेकडो किलोमीटर लांब. समुद्राकडची कड धरली आणि तो भाग जागेवर आला.

तापमान जाणूनबुजून घेतलं नाही. घेतलं असतं तर गणित सोपं झालं असतं, पूर्व अंटार्क्टिकात एका अंशामागे सुमारे ०.८ असा चांगला संबंध आहे. पण प्रदर्शनात मुलं याच नकाशावरून "बर्फ तापमान कसं सांगतो" हे बघणार. तापमान आधीच आत घालून मग तेच बाहेर काढून दाखवणं ही फसवणूक झाली असती.

भाचीने विचारलं, मग बाहेर पडतोय त्या पावसावरूनही तापमान कळेल का? नाही. आपल्याकडे तापमानाचा नाही, पावसाच्या जोराचा परिणाम मोठा; मुसळधार पडतो तेव्हा आकडा खाली जातो.

१९ जुलै

नकाशा देखणा झाला होता. पडताळणीही छान आली: एकेक बिंदू बाजूला ठेवायचा, बाकीच्यांवरून त्याचा अंदाज घ्यायचा, चूक थोडी. पण ज्या रेषेतून एक बिंदू काढला तिथेच दहा किलोमीटरवर त्याचा शेजारी बसलेला आहे. शेजाऱ्याला विचारून उत्तर दिलं तर ते बरोबर येणारच.

म्हणून आख्खी वाट काढून बघितली. मिर्नी ते व्होस्टॉक पूर्ण बाजूला, बाकीच्यांवरून अंदाज. मग जपानची स्योवा ते डोम फुजी. मग चीनची झोंगशान ते डोम ए. चूक जवळजवळ दुप्पट झाली, काही ठिकाणी त्याहून जास्त. ही खरी चूक. लॅपटॉप प्रत्येक फेरीला तापून बंद पडत होता, खाली ओट्यावरची जाळी ठेवून भागवलं.

हे झाल्यावर बिंदूंचा थर नकाशावर टाकून बराच वेळ बघत बसले. बिंदू खंडभर पसरलेले नाहीतच. स्थानकांपासून आत जाणाऱ्या वाटा आहेत, ट्रॅक्टर जिथून गेले त्या. मधले पठाराचे प्रचंड तुकडे रिकामे. त्या रिकाम्या जागी मी जो गुळगुळीत निळा भरला होता तो कुणी मोजलेला नाही.

२० जुलै

ठरवलं: जवळच्या नमुन्यापासून दोनशे किलोमीटरपलीकडे रंग भरायचा नाही. दोनशे का, तर उरलेल्या फरकांचा आपसातला संबंध माझ्या आलेखात साधारण तिथे संपत आला. तुमच्या डेटात वेगळं अंतर येईल, ते स्वतः काढा. क्यूजीआयएसमध्ये प्रॉक्सिमिटी रास्टर (प्रत्येक चौकटीत जवळच्या नमुन्यापर्यंतचं अंतर), मग त्यावरून मुखवटा, आणि बाहेरच्या भागाला फिका राखाडी व तिरप्या रेघा.

शाळेच्या विज्ञानाच्या बाईंना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "ताई, अर्धवट वाटतोय हो. पालक येतील, ट्रस्टी येतील. आधीचा भरलेला काय सुरेख होता." त्यांचं म्हणणं कळत होतं. मी म्हटलं, "बाई, तो सुरेख होता, पण तो मी रंगवलेला होता. रेघांच्या भागात अजून कुणी बर्फ उचललेला नाही, हे मुलांना कळलं तर एखादं म्हणेल मी जातो." त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग सूचीत हे मोठ्या अक्षरात लिहा, आणि भारताची दोन्ही स्थानकं ठळक हवीत." दोन्ही केलं. मैत्री १९८९ पासूनचं, भारती २०१२ चं. भारतीच्या बाजूला, प्रिन्सेस एलिझाबेथ लँडच्या किनाऱ्यापासून आत, गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी बर्फाचे नमुने घेतलेत, तेही सूचीत सांगितलं.

२ ऑगस्ट

मराठी अक्षरं. पायथनच्या मॅटप्लॉटलिबने (आलेख काढायच्या साधनाने) केलेल्या नकाशात "अंटार्क्टिका" हा शब्दच मोडला. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली, जोडाक्षरं सगळी पायमोडकी. फॉन्ट बदलून काही होत नाही, माझ्याकडच्या मॅटप्लॉटलिबला देवनागरीची जुळणीच येत नव्हती. त्यात वेळ घालवू नका. पायथनमध्ये फक्त गणित करा, रास्टर बाहेर काढा, अक्षरं क्यूजीआयएसच्या लेआउटमध्ये लिहा. तिथे सगळं नीट बसतं.

पीडीएफ काढताना मजकूर रेषाकृती म्हणून काढायचा पर्याय निवडा. नौपाड्यातल्या छपाईवाल्याकडे फाइल कोरेलमध्ये उघडतात. मजकूर मजकूर म्हणून गेला की तिथे पुन्हा अक्षरं फुटतात. शेवटी टिफच दिली: ४८ इंच, इंचाला १५० ठिपके, म्हणजे ७२०० बाय ७२००. प्रमाण एका सेंटिमीटरला ५० किलोमीटर.

६ ऑगस्ट

पट्टी छापून बघितली म्हणून वाचलं. पडद्यावर गडद निळ्या-जांभळ्याच्या पाच छटा दिसत होत्या, मॅट व्हिनाइलवर उणे ४५ पासून उणे ६० पर्यंत सगळं एकच काळं. म्हणजे डोम ए, डोम सी, व्होस्टॉक, ध्रुव, जिथे मुख्य गोष्ट घडते तेच गायब. छपाईवाले दादा म्हणाले, "निळा आमच्याकडे बसतो असाच, तुम्ही फिक्कट करून आणा." रंगपट्टी उलटी केली: सगळ्यात खालचे आकडे फिके, किनारा गडद. सलग रंगाऐवजी उणे १५ ते उणे ६० असे पाच-पाचाचे नऊ टप्पे, मध्ये बारीक रेषा. इंद्रधनुषी पट्टी दादांनी सुचवली होती. ती नको, पिवळा जिथे येतो तिथे डोळ्याला नसलेली सीमा दिसते.

खर्च: चाचणीची पट्टी १२० रुपये. व्हिनाइल आणि सनबोर्ड मिळून चौरस फुटाला ७० रुपये, १६ फुटांचे १,१२०. वाहतूक वेगळी. पाऊस असेल तर सनबोर्ड दोन तुकड्यांत करून घ्या, चार फुटी अखंड फळी रिक्षात आडवीही बसत नाही आणि उभीही. मी टेम्पो केला, ३५० रुपये.

१६ ऑगस्ट

प्रदर्शनात उभी होते. बहुतेक मुलांनी आधी मैत्री आणि भारती शोधली, मग बोट राखाडी भागावर. "इथे का नाही गेले?" हा प्रश्न सारखा येत राहिला. जितकं माहीत तितकं सांगितलं: इंधन वाहून न्यावं लागतं, भेगांचे पट्टे टाळावे लागतात, म्हणून जुन्या सुरक्षित वाटेनेच पुन्हा जातात. सातवीतल्या एकीने विचारलं की एकाच वाटेवर पन्नास वर्षांनी पुन्हा बर्फ घेतला तर आकडा तोच येईल का. याचं उत्तर नकाशात असायला हवं होतं. प्रत्येक बिंदूचं साल तक्त्यात आहे, मी ते दाखवलंच नाही. बिंदू सालाप्रमाणे तीन आकारांत दाखवता येतील: १९७० च्या आधीचे, १९७० ते २००० आणि त्यानंतरचे. १९७० च्या आधीचे वेगळे काढायला आणखी एक कारण आहे. व्हिएन्नाची प्रमाण पाण्याची मापपट्टी (एक टोक समुद्राचं पाणी, दुसरं अंटार्क्टिकाच्या बर्फाचं; सगळ्या प्रयोगशाळा आकडे तिच्याशी जुळवतात) दोन्ही टोकांना पक्की होण्याआधीची ती मोजमापं आहेत, आणि उणे ५० च्या खालच्या आकड्यांत प्रयोगशाळांमधला फरक तिथेच सगळ्यात जास्त.

तेच आता हातात घेतलंय. साल नसलेल्या ओळी निघाल्यात, त्यांच्या मूळ सफरी शोधणं चालू आहे.